धनवंतीला हवी होती खुर्ची

धनवंती गंगाराम चौदाव्या वर्षी उसाच्या शेतात कामाला गेली आणि छत्तिसाव्या वर्षापर्यंत तिनं एकही काम बसून केलं नाही. गवत उपटायचं ते वाकून, खत टाकायचं ते वाकून, दगड वेचून रचायचे तेही वाकून. घरी आली की चुलीपुढे वाकायची. नवरा साखर कारखान्यात बॉयलरवर होता, तोही उभाच. एकदा ती गावातल्या चिनी माणसाच्या दुकानात तेल घ्यायला आली होती. गल्ल्यामागे बसलेल्या दुकानदाराकडे बघत मला म्हणाली, "भिकाजीभाऊ, हा माणूस दिवसभर बसतो आणि संध्याकाळी 'दमलो' म्हणतो. मलाही एकदा असं दमायचंय."

तिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. मी वाट बघितली, कुणी लिहिलं नाही. म्हणून मी बसलोय. चुकलंमाकलं तर तिची नातवंडं सांगतीलच.

ती सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. आमच्या बेटावर तोवर सगळं साखरेवर चालायचं. परदेशात साखरेचा भाव पडला की आमच्या गावात लग्नं पुढे ढकलली जायची. मग सरकारनं नवा कायदा केला. जो कारखाना बाहेरच्या देशांसाठी माल करील त्याला यंत्रांवर जकात नाही, कच्च्या मालावर जकात नाही, काही वर्षं करही नाही. बदल्यात त्यानं आमच्या माणसांना काम द्यायचं. बसमध्ये, दुकानात, समुद्रावर, जिथे बघाल तिथे हीच चर्चा. आणि एक दिवस आमच्या गावातल्या शाळेमागे पत्र्याची लांबलचक शेड उभी राहिली. स्वेटरचा कारखाना!

उद्घाटनाला मंत्रालयातले साहेब कोट घालून आले होते आणि घामानं नुसते निथळत होते. म्हणाले, "आता गावानं शहरात जायचं नाही. कारखानाच गावात येईल."

आमच्या नारायणकाकांनी मागून विचारलं, "साहेब, फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात आम्ही बनियनसुद्धा काढून ठेवतो. इथं स्वेटर घालणार कोण?"

"कोणीच नाही, काका. एकसुद्धा इथं विकायचा नाही. सगळे बोटीनं बाहेर!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कारण मला पॅकिंगमध्ये नोकरी लागली होती. लोकर ऑस्ट्रेलियाची, यंत्रं हाँगकाँगची, गिऱ्हाईक फ्रान्सचं. आमचे फक्त हात. पण त्या हातांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळणार होता, आणि पहिल्यांदाच बायकांच्या हातांना. गावात जणू गणपती लवकर आले होते.

पण कोणत्या बायकांच्या? सरकारी कागदावर वयाचा शब्द नव्हता. फाटकावर मात्र होता. मालक मिस्ये फोंग, मिस्ये म्हणजे साहेब, राजधानी पोर्लुईचे, बापाचं कापडाचं दुकान, माणूस वाईट नव्हता. पण त्यांचा नियम असा की पंचविसाच्या वरची नको, लग्न झालेली नको, आणि उसातली तर नकोच. "त्यांचे हात बघितलेत? नारळाची सोडणं! लोकरीला लावले की धागा ओढला जातो."

धनवंती तीनदा फाटकावरून परत आली. चौथ्यांदा मिस्ये फोंगनी तिला घेतलं, झाडू मारायला. लोकरीचा भुसा जमिनीवर घोट्यापर्यंत साचायचा आणि तरण्या मुली झाडूला हात लावायला तयार नव्हत्या.

तिची जाऊ पार्बती उसाच्या टोळीतच होती. तिनं सगळ्या टोळीसमोर टोमणा मारला, "काय गं, गेलीस ना फॅक्टरीत? बसलीस का मग?"

"बसले नाही," धनवंती म्हणाली, "पण खुर्च्या जवळून बघितल्या."

खुर्च्या होत्या तबकडीवाल्यांच्या. स्वेटरची गळपट्टी शिवत नाहीत, जोडतात. एक गोल तबकडी असते, तिच्या कडेला बारीक काटे. गळ्याचा एकेक टाका एकेका काट्यावर चढवायचा, मग त्यावर पट्टीचा एकेक टाका. दोनशेच्या वर टाके, आणि एक जरी सुटला तरी छातीपर्यंत भोक धावत जातं. कारखान्यातलं सगळ्यांत मानाचं काम. चोवीस मुली चोवीस उंच खुर्च्यांवर बसून ते करत, आणि त्यांच्यावर मादाम यिप, हाँगकाँगहून आलेली ठेंगणी बाई. तिला आमच्या भाषेतले शंभरेक शब्द येत होते, त्यातले अर्धे आकडे आणि अर्धे शिव्या.

बाम्बू गावची रोझलिन म्हणून एक तबकडीवाली होती, तोंडाची फटकळ, मनाची मोकळी. जेवणाच्या सुट्टीत तिनं धनवंतीला आपल्या खुर्चीवर बसू दिलं आणि रद्दी तुकड्यांवर हात चालवू दिला. पहिल्या दिवशी धनवंतीच्या बोटांना लोकर अशी चिकटली की सोडवायला दोघी लागल्या.

"तांतीन, ही बोटं आहेत की किसणी?" रोझलिन म्हणाली. तांतीन म्हणजे मावशी.

"बावीस वर्षांच्या उसाची आहेत."

"मग साखरेनंच उतरव. मूठभर साखर, एक लिंबू, रोज सकाळ-संध्याकाळ चोळ. इतकी वर्षं तू साखरेसाठी झिजलीस, आता साखरेला तुझ्यासाठी झिजू दे!"

धनवंतीनं चोळलं. नवरा कुरकुरला, की चहात साखर कमी आणि बायकोच्या हातावर जास्त. दोन महिन्यांत ते हात काय बदलले! मी पाहिलेत म्हणून सांगतो. तळव्यावरचे घट्टे गेले नाहीत, पण बोटांची टोकं चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली.

मादाम यिप हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती घड्याळ घेऊन येऊन उभी राहिली.

"तू. एक गळा. दहा मिनिट. टाका सुटला, परत झाडू. नाही सुटला, मी बोलते मालक."

धनवंती बसली. मी डबा तसाच ठेवून दारात जाऊन उभा राहिलो. मुलीही भोवती जमल्या. कुणी "हळू, तांतीन", कुणी "पळव, पळव!" रोझलिननं सगळ्यांना गप्प केलं. पत्रे इतके तापले होते की वरून तापल्या लोखंडाचा वास यावा, आणि धनवंतीच्या मांडीवर ती जाड निळी लोकर. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी आला, पण तिनं पुसला नाही. फुंकून उडवला. टाका, काटा. टाका, काटा. शेवटचा टाका चढला, तबकडी फिरली, सुई धावली, गळा सुटून हातात आला.

मादाम यिपनं स्वेटर उलटा करून उजेडात धरला. बोटानं सगळे टाके फिरून बघितले. मग घड्याळ बघितलं.

"नऊ. अर्धा," ती म्हणाली, आणि मालकांना बोलवायला गेली.

मुलींनी काय गोंधळ घातला! रोझलिननं धनवंतीला मिठीच मारली. आणि त्या आनंदात धनवंतीनं ते केलं जे त्या कारखान्यात दीड वर्षात कुणीही केलं नव्हतं. तिनं तो स्वेटर घातला.

म्हणजे घालायला गेली. हात बाह्यांत गेले, अंग आत गेलं, डोकं गळ्यापाशी आलं आणि अडकलं. वरून केसांचा नुसता बुचडा बाहेर.

"जात नाहीये!" आतून आवाज आला.

"ओढ!"

"ओढतेय! कान जातील माझे!"

आम्ही हसून हसून वाकलो होतो, तेवढ्यात दारात मिस्ये फोंग. समोर निळ्या लोकरीत डोकं नसलेली एक बाई हात हलवत गोल गोल फिरत होती.

"हे काय चाललंय? निर्यातीचा माल अंगावर? घामासकट? कोण आहे ही?"

"मीच आहे, मिस्ये," आतून उत्तर आलं. "धनवंती."

"बाहेर! स्वेटरमधून बाहेर आणि फॅक्टरीतूनही बाहेर!"

सगळं हसू तिथल्या तिथे थांबलं. रोझलिननं आणि मी ओढून तिचं डोकं मोकळं केलं. कपाळावर लाल रेघ उमटली होती, केस विस्कटले होते. कुणीही रडली असती. ती स्वेटरकडे बघत होती.

"मिस्ये, जाते मी. पण एक सांगा, फ्रान्सच्या बायकांची डोकी माझ्यापेक्षा लहान असतात?"

"काय?"

"मी दोऱ्याच्या ताणाचा पेच हलवला नाही. रोझलिनच्या तबकडीवर जसा होता तसाच ठेवून जोडलाय. माझ्या डोक्यात जात नाही, तर तिनं जोडलेला तरी कुणाच्या डोक्यात जाणार?"

"हिचं डोकंच मोठं आहे," मागून एक मुलगी म्हणाली.

रोझलिननं माझ्या पेटीतून एक तयार स्वेटर काढला आणि डोक्यात घातला. अडकला. दुसरीनं दुसरा घेतला. अडकला. मग मिस्ये फोंगनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, कोट उतरवला, आणि स्वतः एक स्वेटर डोक्यावर घेतला. मालकांना तसं बघायची संधी पुन्हा मिळणार नव्हती, पण खरं सांगतो, कुणीही हसलं नाही. त्यांचंही डोकं अडकलं. मग आतून अगदी हळू: "मादाम यिप. किती स्वेटर?"

"अठराशे," मी म्हणालो, कारण पेट्या माझ्याकडे होत्या. "शनिवारच्या बोटीला."

चूक कशी झाली ते मग उमगलं. आधीच्या मालात काही गळे उसवले म्हणून फ्रान्सहून पत्र आलं होतं. मादाम यिप ओरडली होती. मुलींनी घाबरून दोऱ्याचे पेच घट्ट आवळले, चोवीसच्या चोवीस. टेबलावर मोजपट्टी लावली की माप बरोबर यायचं. गळा ताणतो की नाही हे बघायला तो डोक्यातून घालावा लागतो, आणि आमच्या बेटावर, त्या पत्र्याखाली, लोकरीचा स्वेटर डोक्यात घालायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दीड वर्ष आम्ही स्वेटर करत होतो. एकानंही अंगात घातला नव्हता.

मिस्ये फोंग स्टुलावर बसले. ही बोट चुकली की गिऱ्हाईक गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गिऱ्हाईक गेलं की शेडला कुलूप.

मादाम यिपनं बोटांवर हिशेब केला. "जोडणं, दोन दिवस. होईल. पण उसवणं कोण? मुली उसवल्या तर जोडणार कोण? वीस बाई पाहिजे. आज."

"आज कुठून आणू?" मालक म्हणाले. "आजूबाजूच्या तिन्ही गावांतल्या मुली दुसऱ्या कारखान्यांच्या बसनं जातात. माझ्या दहा नव्या तबकड्या मागे खोक्यांत पडल्यात, त्या चालवायला मुली मिळत नाहीत, आणि तुम्ही वीस बायका मागता!"

धनवंती अजून गेली नव्हती. दारापाशी झाडू हातात घेऊन उभी होती.

"माझी टोळी आहे," ती म्हणाली. "एकवीस जणी. सध्या उसात आठवड्याला तीनच दिवस काम आहे. आज सगळ्या घरी आहेत."

"उसातल्या? ते हात?"

"हात माझ्यावर सोडा. गळ्याचा दोरा बरोबर टोकानं ओढला की साखळी एका दमात सुटते. मी दोन महिने रद्दी उसवतेय. शिकवायला पाच मिनिटं लागतील."

"बोलव. रोज देतो. दुप्पट देतो!"

"रोज घेऊच. पण मिस्ये, सोमवारी ती खोकी उघडायची. वय विचारायचं नाही, लग्न विचारायचं नाही. दहा मिनिटांत जी गळा जोडील तिला खुर्ची."

मी आयुष्यात कधी कुणाशी असं बोललो नाही. मिस्ये फोंगनी तिच्याकडे बघितलं, माझ्या पेट्यांकडे बघितलं. "आधी बोट जाऊ दे," ते म्हणाले.

"हे हो आहे की नाही?"

"हो, बाई, हो!"

अर्ध्या तासात टोळी आली. डोक्यावर गवती टोप्या, पायांत रबरी बूट, पुढे पार्बती. "कुठंय ती मोठ्या डोक्याची?" तोवर ती गोष्ट गावभर झाली होती. धनवंतीनं चिनी दुकानातून साखरेची अख्खी गोणी आणवली होती. अंगणात नळाशी एकवीस बायका साखर आणि लिंबू हातांवर चोळत बसल्या. जिकडे तिकडे पांढरा चिखल, मुंग्या आणि बडबड. नारायणकाका कुंपणावरून बघत म्हणाले, "अगं, साखर जाते लंडनला आणि तुम्ही ती नळाखाली धुताय?"

"लंडनवाल्यांना सांगा, यंदा थोडी कमी पडेल!" पार्बती म्हणाली.

मग ते तीन दिवस! कसं सांगू? मंगळवारी दुपारपासून उसवायला सुरुवात झाली. पहिल्या तासाला पार्बतीनं चुकीचं टोक ओढलं, गाठ बसली आणि तिनं दातानं तोडायला घेतली, तर मादाम यिप धावत आली आणि आपल्याला येत होते ते सगळे शब्द एकदम वापरून मोकळी झाली. पार्बतीनंही आपले वापरले. दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळलं नाही आणि तिथून त्यांची मैत्री झाली. बुधवारी दुपारी शेवटचा गळा उसवून झाला. पेच सैल केले. आता प्रत्येक गळा जोडला की टोळीतली एक बाई तो डोक्यातून घालून काढायची, आणि मगच माझ्याकडे. चौतीस डिग्री उकाड्यात अठराशे वेळा! बायका आत शिरायच्या, लाल होऊन बाहेर यायच्या आणि ओरडायच्या, "गेलं!" सगळ्या शेडमध्ये तोच आवाज. "गेलं! गेलं! गेलं!" गावातले लोक डाळपुरी घेऊन यायचे आणि दारातून मोजत उभे राहायचे. गुरुवारी संध्याकाळच्या बसपर्यंत अकराशे. शुक्रवारी दुपारी तीनला अठराशे. इस्त्री, घडी, पेटी. साडेपाचला लॉरी निघाली तेव्हा बायका तिच्या मागे शाळेच्या वळणापर्यंत धावल्या. मीही धावलो.

शनिवारी बोट गेली. आणि मिस्ये फोंग पुन्हा मालक झाले. दुपारी धनवंतीला बोलावून म्हणाले, "तुझी नोकरी पक्की. तुला खुर्ची देतो. बाकीच्यांचं नवीन वर्षात बघू."

तिला हवं होतं ते मिळालं होतं. मी बाहेरच होतो, मला वाटलं आता ही पाय धरते. ती म्हणाली, "बरं मिस्ये," आणि घरी गेली. ही टोळीला विसरली, असं वाटून मला थोडं वाईटही वाटलं.

सोमवारी सकाळी सातला मी आलो तर शेडमागे दहा खोक्यांवर बावीस बायका बसल्या होत्या. भांडण नाही, घोषणा नाही. धनवंती मधल्या खोक्यावर. पार्बती भुईमूग सोलत होती.

"हे काय?" मिस्ये फोंगनी विचारलं.

"बसलोय, मिस्ये," धनवंती म्हणाली. "तुम्ही खुर्ची एकीला दिलीत. मी एकटी तिकडे बसले तर उद्या बोट आली की या कशाला येतील? सरकारनं तुम्हाला जकात माफ केली ती खोकी सांभाळायला नाही. गावाला काम द्यायला. त्या कोटवाल्या साहेबांना मीही टाळ्या वाजवल्या होत्या."

मिस्ये फोंग काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात मादाम यिप शेडमधून हातोडा आणि पहार घेऊन आली. तिनं पार्बतीला कोपरानं बाजूला केलं, खोक्याच्या फळीत पहार घातली आणि ओढली. खिळे करकरले, फळी उडाली.

"सकाळ दहा बाई," ती मालकांकडे न बघता म्हणाली. "दुपार दहा बाई. एक महिना मी शिकवते. बोट चुकत नाही कधी."

"म्हणजे दोन उरल्या," कुणीतरी म्हणालं.

"दोघी डोकं घालणार!" पार्बती ओरडली आणि एकच गलका झाला. मिस्ये फोंगनी दोन्ही हात वर केले. हरल्याचे की कंटाळल्याचे, मला कळलं नाही, पण चेहऱ्यावर राग नव्हता.

तबकड्या आत नेऊन मांडल्या तेव्हा ध्यानात आलं की खोक्यांत यंत्रं आहेत, खुर्च्या नाहीत! शाळेची बाकं आणली, गावच्या मंडळाच्या हॉलमधली स्टुलं आणली, तरी एक कमी. धनवंती तबकडीपुढे उभीच. मग मिस्ये फोंग आत गेले आणि आपली ऑफिसातली खुर्ची ढकलत घेऊन आले, काळ्या रेक्झिनची, चाकांची.

"बस," ते म्हणाले.

धनवंती पदर सावरून बसली आणि खुर्ची तिला घेऊन सरळ मागे, लोकरीच्या ढिगात. बावीस बायका, चोवीस मुली आणि मादाम यिपसुद्धा, पोट धरून हसत सुटल्या. मी चाकांखाली दोन विटा लावल्या. धनवंतीनं पहिला टाका पहिल्या काट्यावर चढवला, मग दुसरा, आणि मग तिनं दुपारपर्यंत मान वर केली नाही.

मिस्ये फोंगनी त्या दिवशी सगळ्या कागदांवर उभ्यानं सह्या केल्या.